वही, व्याधी आणि वारसा : नंदुरबार परिसरातील अर्थज्ञानाचा मागोवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात वसलेले नंदुरबार हे जुन्या काळापासून व्यापारी मार्गावरचे नगर होय. सतराव्या शतकात सुरत बंदरातून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणाऱ्या मालाचे तांडे याच परिसरातून जात असत. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि सुरतेशी असलेले नाते अधिकच घट्ट झाले. या मार्गाच्या आधाराने नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, खापर अशा गावांत गुजरात व राजस्थानातून आलेली व्यापारी कुटुंबे स्थिरावली. त्यांत जैन कुटुंबांचा वाटा लक्षणीय होता. कापड, धान्य, किराणा, मिरची आणि कापूस यांच्या व्यापाराबरोबर एक विद्याही या गावांत आली. ती म्हणजे हिशेबाची विद्या. रोजमेळ लिहावा, खतावणी करावी, नावे-जमेचा मेळ रोजच्या रोज घालावा आणि दीपावलीस नव्या वहीचे पूजन करून मागील वर्षाचा आढावा घ्यावा, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली.

गंभीर आजार हा अशा साऱ्या हिशेबांची परीक्षा पाहतो. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, पक्षाघात यांसारखी व्याधी घरात शिरली म्हणजे उत्पन्न थांबते, खर्च वाढतो आणि महत्त्वाचे निर्णय थोड्या वेळात घ्यावे लागतात. त्या वेळी घरात पैसा किती आहे याला महत्त्व असतेच. परंतु तो कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, तो कसा काढता येतो आणि कोणत्या मदतीवर आपला हक्क आहे, हे किती जणांना ठाऊक आहे यालाही तितकेच महत्त्व असते. नंदुरबार परिसराच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. अर्थज्ञान एकाच हाती राहिले तेथे आजारी माणसाचे हाल झाले, आणि ते वाटले गेले तेथे त्याचे दिवस सुसह्य झाले.

हिशेबाचा वारसा

जैन परंपरेत गणिताला मानाचे स्थान आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या कारकीर्दीत, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. मुद्दल, व्याज आणि मुदत यांच्या परस्परसंबंधांवरील उदाहरणे त्यात विस्ताराने आली आहेत. १९१२ मध्ये मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या टांकसाळीत काम करणाऱ्या ठक्कुर फेरू या जैन विद्वानाने नाण्यांच्या परीक्षणावर ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. व्याज कसे वाढते आणि नाणे खरे की खोटे, हे जाणणे त्या काळीही विद्येचा भाग मानले जात होते.

व्यापाऱ्यांनी ही विद्या जोखमीच्या व्यवहारातही वापरली. ‘जोखमी हुंडी’ हा प्रकार त्याचे उत्तम उदाहरण होय. माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच या हुंडीचे पैसे देय होत. माल वाटेत बुडाला तर ते नुकसान हुंडी धारण करणाऱ्यास सोसावे लागे. आजच्या भाषेत हुंडी आणि विमा यांचा हा संयोग होता. मात्र मालाच्या जोखमीची इतकी काळजी वाहणाऱ्या पेढ्यांनी माणसाच्या देहाची जोखीम नात्यागोत्यावर आणि ज्ञातिबांधवांच्या सद्भावनेवर सोपविली. एकत्र कुटुंबात ते पुष्कळ काळ निभावले. कुटुंबे विभक्त झाली, उपचार महाग झाले, तेव्हा ती तरतूद अपुरी पडू लागली.

त्याच व्यापारी मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, आग्र्यास राहणाऱ्या बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. तरुणपणी खैराबाद येथे सासुरवाडीस असता त्याला दुर्धर व्याधी जडली. अंगभर फोड उठले, लोक जवळ येईनासे झाले. पत्नी आणि सासू यांनीच त्याची शुश्रूषा केली. पुढे काही वर्षांनी व्यापारात भांडवल गमावून तो पुन्हा खैराबादेस आला, तेव्हा पत्नीने आपल्याजवळ जपून ठेवलेले वीस रुपये त्याच्या हाती ठेवले आणि नंतर तिच्या आईने दोनशे रुपये दिले. पतीच्या कोणत्याही खतावणीत ही शिल्लक नोंदलेली नव्हती. संकटात घर सावरण्याची बुद्धी घरातील स्त्रियांजवळ होती. व्यापाराची वही मात्र त्यांच्यासमोर क्वचितच उघडली जाई. पुढील तीन-साडेतीनशे वर्षांतही या स्थितीत फारसा फरक पडला नाही.

वहीची दुसरी बाजू

वहीला लिहिणारा असतो, तसा अंगठा उठविणाराही असतो. खानदेशात सावकारी करणाऱ्यांमध्ये अनेक जातिधर्मांचे लोक होते. वाणी आणि मारवाडी पेढ्या त्यांत ठळक होत्या व त्यांत जैन कुटुंबेही होती. अडीअडचणीला रात्री-अपरात्री धान्य व पैसा देणारे सावकार होते, तसेच अडलेल्याच्या अज्ञानाचा लाभ घेणारेही होते. सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी इतिहासाचे सिंहावलोकन करताना या दोन्ही बाजूंचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

भिल्ल, पावरा, कोकणी, गावित या आदिवासी कुटुंबांच्या कर्जाची कारणे साधी होती. पेरणीचे बी, लग्नकार्य, पावसाळ्यातील धान्य आणि आजारपण. यांपैकी आजारपणाचे कर्ज सर्वांत बिकट, कारण त्या कर्जाने पीकही येत नाही आणि कमावता माणूस अंथरुणावर असतो. शहाद्याच्या सुपीक पट्ट्यात वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराला आजारपणातील खाडेही महाग पडत. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, हे वहीत लिहिलेले असे; पण ज्याच्या नावे ते लिहिलेले असे, त्याला ते वाचता येत नसे.

या अज्ञानावर उपाय म्हणून कायदे झाले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने कर्जदाराला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. वही दोघांनाही दिसली पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा मार्ग मोकळा झाला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना आणि हिशेबाचा उतारा बंधनकारक केला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीत असे आढळले की ग्रामीण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे होते आणि सहकारी संस्थांचे अवघे ३.१ टक्के.

सत्तरच्या दशकात शहादा परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी गमावलेल्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने अल्पभूधारक, कारागीर व मजूर यांची सावकारी कर्जे रद्द केली. सावकारांनी त्याला आव्हान दिले; परंतु १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. अनेकांची गहाण पडलेली भांडी आणि दागिने यामुळे सुटू शकले. मात्र आजाराच्या रात्री कोणाचे दार ठोठवावे, या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते. म्हणूनच सावकारी संपली नाही. ती चोरवाटेने चालू राहिली.

आजही ‘शेकडा तीन’ हा दर कानी पडतो. ऐकताना तो किरकोळ वाटतो. पण तो दरमहाचा असतो. वर्षाला ३६ टक्के म्हणजे १ लाख रुपयांच्या कर्जावर दोन वर्षांत सरळव्याजानेच ७२ हजार रुपये. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला तारण कर्जासाठी ९ टक्के व विनातारण कर्जासाठी १२ टक्के, तर इतरांना अनुक्रमे १५ व १८ टक्के अशी वार्षिक मर्यादा ठरविण्यात आली. ‘शेकडा तीन’ याचा अर्थ ‘वार्षिक छत्तीस’ असा होतो, एवढे ज्याला कळते तो आजाराच्या घाईतही दुसरे दार शोधतो.

आजारात पैसा कोठे जातो

नंदुरबार पूर्वीच्या पश्चिम खानदेशाचा व पुढे धुळे जिल्ह्याचा भाग होता. १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाल्यावरही मोठ्या उपचारांसाठी सुरत, धुळे, नाशिक किंवा मुंबई गाठण्याची रीत दीर्घकाळ कायम राहिली. कर्करोग म्हटला की परळचे टाटा स्मारक रुग्णालय आठवते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाकडे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. धडगावच्या डोंगरातून वा नवापूरच्या खेड्यातून निघालेल्या कुटुंबाला रुग्णालयाच्या बिलाआधीच प्रवास, राहणे, जेवण, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी किंवा बंद राहिलेले दुकान यांचा भार सोसावा लागतो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. पुष्कळदा उपचार अर्धवट सुटतात ते याच खर्चामुळे.

येथे छोट्या माहितीचे मोल मोठे ठरते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला रेल्वेच्या स्लीपर वर्गात पूर्ण सवलत मिळते आणि सोबत्याला ७५ टक्के. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी रुग्ण व नातलगांची अल्प दरात सोय होते. पुढील फेऱ्या गावाजवळच्या केंद्रात होऊ शकतील काय, हे डॉक्टरांना विचारता येते. असा प्रश्न विचारणारा रुग्ण कधी कधी पंधरा दिवसांचा मुक्काम वाचवितो आणि ते पंधरा दिवस स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत घालवितो. जीवनमान या शब्दाचा आजारपणातील अर्थ एवढा साधा आहे.

जगातही हा विचार याच दिशेने गेला आहे. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आत्मिक अशी चार अंगे असल्याचे मांडले. पैशाची चिंता ही त्यांतील सामाजिक वेदनेचा मोठा भाग होय. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन राज्यातील एका अभ्यासात, कर्करोग झालेल्यांमध्ये दिवाळखोरीचे प्रमाण कर्करोग नसलेल्यांच्या २.६५ पट आढळले. ज्याप्रमाणे औषधाचे दुष्परिणाम असतात, त्याप्रमाणे खर्चाचेही असतात, हे तेथील वैद्यकशास्त्राने मान्य केले. भारतात एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये आजही घरातूनच जातात.

विम्यापासून योजनांपर्यंत

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि विमा एजंट तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. परंतु आयुर्विमा हा मृत्यूनंतरचा आधार. आजारपणातील खर्चाची तरतूद करणारी ‘मेडिक्लेम’ योजना सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणली. पुष्कळ व्यापारी कुटुंबांनी ती करसवलतीसाठी घेतली आणि कागद कपाटात ठेवून दिला. पूर्वीचा मधुमेह किंवा रक्तदाब अर्जात लिहिला नाही, प्रतीक्षाकाळ वाचला नाही, खोलीभाड्याची मर्यादा पाहिली नाही. दावा नाकारला गेला म्हणजे मग कंपनीला दोष दिला जाई. दोष कधी कंपनीचा असतो, कधी न वाचलेल्या कागदाचा. २०२४ पासून पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा करण्यात आला आहे आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

गरीब कुटुंबांसाठी राज्य शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू केली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा धुळे जिल्हा त्या आठांत होता, नंदुरबार नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली. २०२३ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार महात्मा फुले योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली करण्यात आली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ‘या योजना आपल्यासाठी नाहीत’ हा मध्यमवर्गीय समज त्यामुळे आता कालबाह्य झाला आहे.

सीमेवरच्या जिल्ह्यात आणखी एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. नंदुरबारचा रुग्ण सवयीने सुरतेच्या गाडीत बसतो. आयुष्मान कार्ड देशभरातील अंगीकृत रुग्णालयांत चालते. राज्याच्या योजनेचा लाभ मात्र मुख्यत्वे राज्यातील अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो. शिवाय, कोणतेही रुग्णालय सर्वच उपचारांसाठी अंगीकृत असते असे नाही. गाडीत बसण्यापूर्वी हे विचारून घेतले नाही, तर हातात कार्ड असूनही रोख रक्कम भरण्याची वेळ येते. अंगीकृत रुग्णालयातील ‘आरोग्यमित्र’ याच माहितीसाठी नेमलेला असतो.

कागद मिळणे आणि कागद वाचता येणे यांतील अंतर या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देण्यात आले. २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती उघडली गेली. क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये थेट खात्यात मिळतात. पण खाते बंद पडले असेल, आधारशी जोडलेले नसेल किंवा त्यात पैसे आले हेच ठाऊक नसेल, तर दुधाचा तो पैसा रुग्णाच्या पेल्यापर्यंत पोहोचत नाही. सातपुड्यात अनेक कुटुंबांना ग्रासणाऱ्या सिकलसेल आजाराची गोष्ट अशीच आहे. २०१६ च्या कायद्याने तो दिव्यांगत्वाच्या यादीत आला. परंतु प्रमाणपत्र काढल्यावाचून त्या हक्काचा उपयोग होत नाही. हा आजार जन्मभराचा असल्याने मिळणारा प्रत्येक आधारही जन्मभराचा असतो.

येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्याच्या घरी शिल्लकच नाही, त्याला केवळ ज्ञानाने औषध मिळत नाही. आणि जेथे रुग्णालयच दूर आहे, तेथे योजनेचे कार्ड रस्ता बांधीत नाही. आर्थिक साक्षरता ही उत्पन्नाची वा आरोग्यसेवेची जागा घेऊ शकत नाही. जे उपलब्ध आहे ते वाया जाऊ न देणे, एवढेच तिचे कार्य आहे. आणि आजारपणात ते कार्य लहान नसते.

एकाच माणसाने वाचलेली वही

आदिवासी सालदाराला वही वाचता येत नव्हती, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू सुखवस्तू घरांतील आहे. पेढीवरील कर्ता पुरुष चार जिल्ह्यांची उधारी तोंडपाठ सांगतो. ठेवी, पॉलिसी, भागीदारी, हातउसने दिलेली रक्कम, सारे त्याच्या डोक्यात असते. एके दिवशी त्याला पक्षाघात होतो व वाचा जाते. मग पत्नी कपाट उघडते, तेव्हा तिला कागदांचा ढीग दिसतो. अर्थ लागत नाही. खाते एकट्याच्या नावावर, नामनिर्देशन राहून गेलेले, पॉलिसीचा हप्ता चुकलेला. घरात लाखोंची मत्ता असूनही उपचारासाठी दागिने गहाण पडतात. अशी घरे प्रत्येक गावात आढळतात. साक्षरतेचा पिढीजात वारसा असलेल्या घरातील स्त्री त्या दिवशी अंगठा उठविणाऱ्या सालदाराइतकीच असहाय ठरते, कारण तिच्यासमोरही वही कधी उघडलेली नसते.

बँक ठेवींसाठी नामनिर्देशनाची तरतूद १९८३ च्या दुरुस्तीने आली. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार जणांपर्यंत नावे देता येतात. परंतु नामनिर्देशन मृत्यूनंतर उपयोगी पडते, आजारपणात नव्हे. आजारपणात उपयोगी पडते ते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ या पद्धतीचे संयुक्त खाते. मुखत्यारपत्रावर पुष्कळांची भिस्त असते. मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार लिहून देणाऱ्याचे मानसिक भान हरपल्यास सामान्य मुखत्यारी संपुष्टात येते. भान शाबूत असून केवळ सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन बँकेतून रक्कम काढता येते. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे; पण अनेक कुटुंबांना ती ठाऊक नसते. वर्षानुवर्षे कोणी न मागितलेल्या बँक ठेवींची रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा झालेली रक्कम मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये होती. त्या शोधण्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू करण्यात आले. इतक्या मोठ्या रकमेमागे एकट्यानेच वाचलेल्या किती वह्या असतील, याची कल्पना करता येते.

वही उघडी असली म्हणजे आजारी माणसालाही आपल्या उपचारांबाबत बोलता येते. एखाद्या महागड्या उपचाराने किती दिवस वाढतील, ते दिवस कसे असतील आणि मागे घराचे काय होईल, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याचाच आहे. भारतातील पहिले शुश्रूषागृह शांती अवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. वेदनाशमन हाही उपचारच होय, हा विचार त्यातून रुजला. २०१८ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने उपचारविषयक पूर्वसूचना लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पैशाची व्यवस्था स्पष्ट असेल तर असा निर्णय भीतीने घेतला जात नाही, विचाराने घेतला जातो. कर्जाच्या ओझ्याने मुलांच्या नजरेला नजर न देता आल्यामुळे ‘मला घरी न्या’ म्हणणे वेगळे आणि शांत मनाने तेच म्हणणे वेगळे.

विश्वस्त संस्थांचा वाटा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने सांगितली. औषधदान समाजाने सढळ हाताने केले आहे. आजारी माणसाला त्याच्या हक्कांची व हिशेबांची माहिती देणे यात उरलेल्या तीन दानांपैकी दोहोंचा संगम आहे. ते ज्ञानही आहे आणि अभयही.

सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातच त्याचा एक मार्ग आहे. १९५० च्या या कायद्यात १९८५ मध्ये कलम ४१ अअ घालण्यात आले आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याखालील योजना मंजूर केली. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब पहिल्या गटात आणि ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंतचे दुसऱ्या गटात येते. नाशिक, पुणे, मुंबईच्या नामांकित रुग्णालयांत या खाटा असतात. त्या मागाव्या लागतात, आणि मागण्यासाठी उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका आधीपासून तयार असावी लागते.

आधी तयारी करण्याचा धडा या जिल्ह्याने एकदा देशाला दिला आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर, इतरत्र निश्चिंतता पसरली असताना, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने नंदुरबारात प्राणवायूचे प्रकल्प उभे राहिले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना हा दुर्गम जिल्हा त्याबाबत स्वयंपूर्ण ठरला. संकट नसताना केलेली तरतूदच संकटात उपयोगी पडते, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. तेच तत्त्व घरातील कपाटालाही लागू आहे.

वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिण्याची प्रथा या परिसरात आजही आहे. त्याच दिवशी घरातील ठेवी, विमा, देणी-घेणी, नामनिर्देशने आणि योजनांची कार्डे यांची एका पानावर नोंद करून ते पान पत्नी, मुलगा, मुलगी आणि सून यांना वाचून दाखविले, तर त्या पूजनाला नवा अर्थ प्राप्त होईल. पेढीवरचा नोकर, शेतावरचा सालदार आणि घरी काम करणारी बाई यांच्या खात्याची, कार्डाची व विम्याची चौकशी त्याच दिवशी झाली, तर जुन्या वहीतील काही बाकीही फिटेल. हिशेबाची विद्या या समाजाने शतकानुशतके जतन केली. ती आजारी माणसाच्या उशापर्यंत पोहोचावी, आणि ज्यांच्या नावे कधी केवळ अंगठे उठले त्यांच्या घरापर्यंतही पोहोचावी, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षाची खरी फलश्रुती ठरेल.